गणापासून सभागृहापर्यंत

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम या गावी ज्याचे बालपण गेले आणि बुलढाण्याच्या जिल्हा परिषदेत ज्याची उभी नोकरी झाली, अशा माणसाने आमदारांच्या कारकिर्दीविषयी चार शब्द लिहावेत, हे कोणास अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु विधानसभेत विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मंत्रिमहोदय जरी सभागृहात उभे राहून देत असले, तरी त्या उत्तराचा पहिला मसुदा जिल्ह्याच्या ठिकाणी, एखाद्या सहायकाच्या मेजावर, जुन्या संचिका उलगडून आणि तालुक्यातालुक्यांतून माहिती मागवून तयार होत असतो. आणि त्या मेजाशी मी पुष्कळ वर्षे बसलो आहे. त्यामुळे आमदार मला त्यांच्या भाषणांतून फारसे कळले नाहीत, ते त्यांच्या प्रश्नांवरून कळले. आणि या परिचयातून जे मत माझ्या मनात हळूहळू पक्के होत गेले ते असे, की ज्याने ग्रामपंचायतीच्या, पंचायत समितीच्या किंवा जिल्हा परिषदेच्या कारभारात आयुष्याचा काही काळ घालविला आहे, त्याचा प्रश्न वरचे नाव झाकले तरी ओळखू येतो.

प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. अमुक तालुक्यात अमुक कामास विलंब झाला, हे खरे आहे काय; असल्यास, त्याची चौकशी केली आहे काय; चौकशीत काय आढळून आले; नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत, अशी ती उतरती भाजणी असते. उत्तराचाही साचा तितकाच पक्का. पहिल्या भागापुढे 'हे खरे नाही' असे लिहिता आले, की पुढील सर्व भागांपुढे 'प्रश्न उद्भवत नाही' एवढे लिहिणे पुरते. नवखा सदस्य पोटतिडकीने विचारी, की अमुक गावात भीषण पाणीटंचाई असूनही प्रशासनाने तिकडे दुर्लक्ष केले आहे, हे खरे आहे काय. त्याची कळकळ खरी असे आणि टंचाईही खरी असे; परंतु दुर्लक्षाची नोंद कोणत्याही दप्तरात केलेली नसते, आणि म्हणून 'हे खरे नाही' हे उत्तर कागदाच्या दृष्टीने निर्दोष ठरे. याउलट ज्याने पंचायत समितीत बसून टंचाईचे प्रस्ताव स्वतः हाताळलेले असत, तो सदस्य विचारी, की त्या ग्रामपंचायतीचा विहीर अधिग्रहणाचा ठराव गटविकास अधिकाऱ्यांकडे कोणत्या दिनांकास प्राप्त झाला, तेथून तो तहसील कार्यालयात कोणत्या दिनांकास गेला, आणि त्यावर आदेश कोणत्या दिनांकास निघाला. या तिन्ही तारखा आवक-जावक नोंदवहीत असतात. त्या नाकारता येत नाहीत, आणि एकदा त्या छापील उत्तरात उतरल्या, की मधला महिनाभराचा काळ कोणाच्या मेजावर गेला हे सांगण्यास निराळ्या वक्तृत्वाची गरज उरत नाही.

नोकरीच्या पूर्वार्धात एका विषय समितीच्या सभापतींच्या दालनात स्वीय सहायक म्हणून माझी नेमणूक झाली होती. ते सभापती पुढे विधानसभेवर गेले. त्यांचे नाव येथे लिहिण्याचे प्रयोजन नाही, कारण स्वतःविषयी छापून आलेले त्यांना कधीच रुचले नाही. आम्ही सर्व त्यांना भाऊ म्हणत असू. आधी गावचे सरपंच, मग गणातून पंचायत समितीवर, मग गटातून जिल्हा परिषदेवर, अशा क्रमाने ते आले होते, आणि या प्रत्येक मुक्कामावर त्यांनी कारभाराचा एकेक भाग मुखोद्गत केला होता. ग्रामसभेचा ठराव म्हणजे काम मंजूर होणे नव्हे, हे त्यांना सरपंच असतानाच कळले होते. ठरावामागून अंदाजपत्रक, अंदाजपत्रकामागून तांत्रिक मान्यता, मग प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक आणि सर्वांच्या शेवटी उपयोगिता प्रमाणपत्र, या वाटेवर काम नेमके कोठे मुरते याचे त्यांना असे ज्ञान होते, की आढावा सभेत एखाद्या अभियंत्याने अडचणींचे पुराण लावले म्हणजे ते शांतपणे म्हणत, "साहेब, काहून अडलं ते मंग सांगा, आधी कुठं अडलं ते सांगा." आवाज चढविलेला मी त्यांना क्वचितच पाहिला. अधिकारी त्यांना वचकून असत ते त्यांच्या पदाला नव्हे, त्यांच्या माहितीला. आणि ज्या अधिकाऱ्याचे काम स्वच्छ असे त्याला त्यांच्याइतका आधार दुसऱ्या कोणाचा वाटत नसे.

आमच्या भागातील खेडुतास शासन एक दिसते, परंतु त्याच्या शेताच्या बांधाला लागूनच तीन शासने उभी असतात. हिवरा आश्रमाजवळील कोराडी प्रकल्पाचे पाणी पाटबंधारे खात्याच्या अखत्यारीत. त्याच शिवारातील शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारा लहान तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाचा. आणि गावातील पाणवठ्याची देखभाल ग्रामपंचायतीची. मेहकरहून चिखलीकडे जाणारा हमरस्ता निराळ्या खात्याचा, आणि त्याला येऊन मिळणारा ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचा. या सीमा ठाऊक नसलेला लोकप्रतिनिधी चुकीच्या दाराशी उभा राहून मोठ्याने हाका मारीत असतो, आणि आतील मनुष्य नम्रपणे 'हा विषय आमच्या कक्षेतील नाही' असे उत्तर देत असतो. भाऊंनी कोणाचाही अर्ज हाती घेतला, की ते प्रथम त्याच्या माथ्यावर योग्य कार्यालयाचे नाव स्वहस्ते लिहीत. पुष्कळ तक्रारींचा अर्धा निकाल तेवढ्यानेच लागे.

ही समज पुस्तकातून येत नाही, ती सामुदायिक कार्यातून येते, असे मला माझ्या गावाने शिकविले. पूज्य शुकदास महाराजांच्या विवेकानंद आश्रमामुळे आमच्या गावास त्याचे नाव आणि कीर्ती लाभली. तेथील विवेकानंद जन्मोत्सवाच्या सांगतेस मोकळ्या शेतात लाखो माणसांची पंगत बसते, आणि ट्रॅक्टरांतून पुऱ्या व वांग्याची भाजी त्या पंगतींमधून फिरविली जाते. व्यासपीठावर वक्ते बोलत असतात. परंतु कोणत्या रांगेत कोणते वाहन जाईल, पाणी कोठून येईल, म्हातारी माणसे कोठे बसतील, हे खाली पंचक्रोशीतील साधी शेतकरी माणसे ठरवीत असतात. लहानपणी हे दृश्य पाहिलेल्या माणसाला व्यवस्था या गोष्टीविषयी जो आदर वाटू लागतो, तो त्याला जन्मभर पुरतो. निवडणुकीच्या राजकारणात शिरलेल्या माणसानेही आधी काही वर्षे असे खाली उभे राहून काढावीत, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आणि या विचाराला आपल्या विदर्भातच एक फार मोठे उदाहरण आहे. पूर्वीच्या मध्य प्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्यान्वये जनपद सभा स्थापन झाल्या होत्या, मुंबई इलाख्यात जिल्हा लोकल बोर्डे होती, आणि मराठवाड्याचा कारभार हैदराबादच्या कायद्याने चाले; महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा या तीन परंपरा एका दावणीला आणण्याचे अवघड कार्य ज्यांच्याकडे सोपविण्यात आले ते वसंतराव नाईक हे मूळचे पुसदचे वकील, १९४६ साली तेथील नगरपालिकेचे अध्यक्ष झालेले, आणि १९५२ साली जुन्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेत निवडून गेलेले गृहस्थ होते. महसूलमंत्री असताना १९६० साली त्यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली गेली. मार्च १९६१ मध्ये तिने २२६ शिफारशींचा अहवाल दिला. त्याच वर्षी जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांचा अधिनियम झाला. आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली विकेंद्रीकरणाचा भर गटाच्या पातळीवर ठेवला होता. नाईक समितीने तो जिल्ह्यावर ठेवला, जिल्हा परिषदेला स्वतःची खाती दिली, स्वतःचे अधिकारी दिले, स्वतःचे उत्पन्न दिले. ज्याने एका तालुक्याच्या गावची नगरपालिका चालविली होती त्याला हे पुरते ठाऊक असले पाहिजे, की ज्या संस्थेजवळ नोकर आणि तिजोरी नाही तिच्या ठरावांना कागदापलीकडे किंमत नसते. समितीच्या शिफारशींमागे मला तो अनुभव उभा असलेला दिसतो. पुढे डिसेंबर १९६३ पासून १९७५ पर्यंत नाईक मुख्यमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीविषयी शेती, दुष्काळ आणि हरितक्रांती या अंगांनी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यांचे सर्वांत मोठे कार्य हेच वाटते, की स्थानिक संस्थेतून वर गेलेल्या माणसाने वर गेल्यावर स्थानिक संस्थेलाच अधिकार दिले.

त्याच समितीची आणखी एक शिफारस येथे स्मरणीय आहे. आमदार-खासदारांना जिल्हा परिषदेचे सदस्यत्व देऊ नये, असे तिने सुचविले आणि महाराष्ट्राने ते स्वीकारले. त्यामुळे जिल्हा परिषद सदस्य ज्या दिवशी आमदार होतो, त्या दिवसापासून त्या जुन्या सभागृहावर त्याचा हक्क राहत नाही. सासरी गेलेल्या मुलीने माहेरी यावे, मानाने राहावे, पण माहेरच्या कोठाराची किल्ली मागू नये, तसे हे नाते असावे, अशी त्या योजनेमागील कल्पना होती.

ती कल्पना टिकली नाही, हे मी फार जवळून पाहिले आहे, आणि त्याचे मला अत्यंत दुःख आहे. गावांतर्गत मूलभूत सुविधांच्या ज्या कामांना आम्ही लेखाशीर्षावरून 'पंचवीस-पंधराची कामे' म्हणतो, ती लोकप्रतिनिधींनी सुचवावयाची आणि मंत्रालयातून मंजूर व्हावयाची, अशी रीत पडली. ज्या गावात तो सभामंडप किंवा काँक्रीटचा रस्ता व्हावयाचा त्या गटाच्या सदस्यास ती वार्ता अनेकदा कार्यारंभ आदेश निघाल्यावर कळे. इतर जिल्हा मार्गाची 'दर्जोन्नती' होऊन तो प्रमुख जिल्हा मार्ग ठरला, की तो जिल्हा परिषदेच्या ताब्यातून सार्वजनिक बांधकाम खात्याकडे जाई. एकेका रस्त्याचा निर्णय पाहिला तर तो लोकांच्या सोयीचाच वाटे. सर्व निर्णय एकत्र मांडले तर जिल्हा परिषदेचे अंग झिजत चालल्याचे दिसे. आणि विशेष खेदाची गोष्ट ही, की हे करणाऱ्यांत असे पुष्कळ जण होते, की जे स्वतः काही वर्षांपूर्वी याच सभागृहात उभे राहून 'आमचे अधिकार वर ओढले जात आहेत' म्हणून कंठशोष करीत होते. वर गेल्यावर त्यांना आपला गट सोडवेना. विधेयकावर बोलण्यापेक्षा नाल्यावरील मोरीचे भूमिपूजन त्यांना जवळचे वाटत राहिले. म्हणजे ते विधानसभेत गेले खरे, पण मनाने जिल्हा परिषदेचेच सदस्य राहिले, आणि तेथील विद्यमान सदस्याला मात्र त्यांनी निकामी करून टाकले. स्थानिक अनुभवाचा हा दुष्परिणाम मी अनुभवाच्या गुणांइतकाच ठासून सांगू इच्छितो.

भाऊ या मोहातून सुटले, याचे कारण त्यांचा स्वभाव हे तर होतेच, पण विधानमंडळाच्या समित्यांचे काम त्यांनी मनावर घेतले हेही होते. वृत्तपत्रांना सभागृहातील गोंधळ दिसतो. समितीच्या खोलीतील काम दिसत नाही. पंचायती राज समिती, जिला जिल्हा परिषदेत सगळे 'पीआरसी' म्हणतात, ती दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची असते, आणि लेखापरीक्षणातील आक्षेपांवर जिल्हा परिषदांची साक्ष घेते. आमच्याच मेहकरचे तत्कालीन आमदार डॉ. संजय रायमुलकर हे या समितीचे प्रमुख होते, ही आमच्या तालुक्यास भूषणावह गोष्ट होय. समितीचा दौरा जाहीर झाला, की जिल्हा परिषदेतील दिवे रात्री उशिरापर्यंत जळत. परिच्छेदवार अनुपालन तयार होई, प्रती निघत, वर्षानुवर्षे न उघडलेली कपाटे उघडत. अशा एका साक्षीच्या वेळी, स्वतः एके काळी जिल्हा परिषद सदस्य असलेल्या एका आमदारांनी छापील अनुपालन बाजूला सारून एवढेच विचारले, की स्वीय उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी जो २० टक्के भाग खर्चावयाचा, तो मागील वर्षी पूर्ण खर्च झाला नसल्यास उरलेली रक्कम यंदाच्या तरतुदीत मिळविली आहे काय. आणि मिळविली असल्यास ते पान दाखवा. सभागृह स्तब्ध झाले. ते पान शोधावयास माणसे धावली. हा प्रश्न ज्याने समाजकल्याणच्या बैठकीत बसून ती तरतूद परत जाताना पाहिली आहे, त्यालाच सुचू शकतो, आणि तो विचारला गेला म्हणूनच पुढच्या अंदाजपत्रकात अनुशेषाचा रकाना निराळा दाखविला जाऊ लागला.

अशी माणसे केवळ आमच्याच भागात झाली असे नव्हे. बाभळगावचे सरपंच विलासराव देशमुख मुख्यमंत्रिपदापर्यंत गेले. सांगली जिल्हा परिषदेत सदस्य म्हणून दीर्घ काळ घालवून १९९० साली विधानसभेत आलेले आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री झाले, तेव्हा त्यांनी संत गाडगेबाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्या अभियानात शासनाने पैसा थोडा दिला आणि गावागावांत चढाओढ लावून दिली. गावाला अनुदानापेक्षा शाबासकी अधिक हलविते, हे मर्म गावकीत वावरलेल्या माणसालाच उमगते. आमच्या तालुक्यात तेव्हा स्वतः झाडू घेऊन बाहेर पडलेली गावे मी पाहिली आहेत.

परंतु या वाटेवर अर्धी माणसे मध्येच थांबविली जातात, हे सांगितल्यावाचून हे लेखन पुरे होणार नाही. १९९३ साली अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्यात स्त्रियांना एक-तृतीयांश जागा दिल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली ते प्रमाण निम्म्यावर नेले. आरंभी नवऱ्याच्या सांगण्यावरून सही करणाऱ्या कित्येक भगिनी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी अंदाजपत्रकातील रकाने बोट ठेवून वाचू लागल्या, आणि अंगणवाडीच्या इमारतीची गळती, प्राथमिक आरोग्य केंद्रातील औषधांचा साठा, शाळेतील मुलींची स्वच्छतागृहे या विषयांवर त्यांच्याइतका चिवट पाठपुरावा मी पुरुष सदस्यांत पाहिला नाही. अशा सभापती ताईंची मुदत संपली, आरक्षणाची सोडत फिरली, आणि त्या घरी परतल्या. विधानसभेची उमेदवारी त्यांना कोणी विचारली नाही. २०१९ साली २८८ आमदारांत स्त्रिया अवघ्या २४ होत्या. खाली निम्म्या आणि वर दहाव्या हिश्श्याहून कमी, हे अंतर कर्तृत्वाचे नाही. उमेदवारी वाटणाऱ्यांच्या दृष्टीचे आहे.

आणि नंतर तर ती सगळी वाटच बंद पडली. २०१७ साली निवडून आलेल्या आमच्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांचीही तेव्हाच संपली, आणि आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबणीवर पडून तीन वर्षांहून अधिक काळ त्या सभागृहांत प्रशासक बसले. अधिकारी वाईट होते असे माझे म्हणणे नाही. मी जन्मभर त्यांच्यातच वावरलो, आणि त्यांतील कित्येकांविषयी मला नितांत आदर आहे. पण प्रशासकाच्या सभेत प्रश्न विचारणारा कोणी नसतो. सभागृहातील खुर्च्या रिकाम्या, सभापतींच्या दालनांना कुलपे, आणि गावाकडून आलेला मनुष्य कोणाकडे जावे या विवंचनेत वऱ्हांड्यात उभा, ही स्थिती निवृत्तीनंतर काही कामानिमित्त गेलो असता मी पाहिली. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या सदस्यांनी भरावयाच्या. त्या मतदारांचेच अस्तित्व संपल्यामुळे त्यांतील अनेक जागाही रिक्त पडून राहिल्या. इतक्या वर्षांत जो तरुण सरपंचपदावरून पंचायत समितीवर आणि तेथून जिल्हा परिषदेवर जाऊन कारभार शिकला असता, तो शिकला नाही; त्याने त्याऐवजी एखाद्या नेत्याच्या गाडीमागे गाडी लावणे आणि फलकांवर स्वतःचे छायाचित्र लावणे हे शिक्षण घेतले. या हानीचे मोजमाप कोणत्याही लेखापरीक्षणात होणार नाही. विधानसभेत त्या काळात असे कितीतरी सदस्य बसले होते, की ज्यांची स्वतःची सुरुवात याच गणांतून आणि गटांतून झाली होती. त्यांनी पक्ष बाजूला ठेवून एका आवाजात या निवडणुका मागितल्या असत्या, तर तो आवाज कोणत्याही सरकारला अव्हेरता आला नसता. त्यांनी तो लावला नाही.

म्हणून माझ्या तालुक्यातील आणि जिल्ह्यातील मतदारबंधुभगिनींस माझी विनंती आहे. विधानसभेचा उमेदवार आपल्या दारी आला म्हणजे त्याने किती निधी आणला किंवा तो किती आणणार, एवढ्यावर त्याला सोडू नये. आपल्या ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक त्याने शेवटचे केव्हा वाचले, जिल्हा परिषदेत त्याने काही काळ काम केले आहे काय, आणि निवडून गेल्यास त्या संस्थेकडे तो कोणता अधिकार परत देणार आहे, हे त्याला विचारावे, आणि त्याचे उत्तर चार माणसांसमक्ष लिहून घ्यावे.